बोकडाची एक, माणसाच्या तीन

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीवरून किती शाखा निघतात, या प्रश्नाला रेणूने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले की एक. उत्तर देताना तिचा स्वर इतका ठाम होता की भिंतीलगत आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या मुलींनी आपापल्या झेरॉक्स प्रती घाईघाईने उघडून पुन्हा पाहिल्या.

जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागे, एका दुमजली इमारतीत ते परिचारिका विद्यालय भरत असे. खालून हमालांच्या हाका आणि रिक्षांचे भोंगे अखंड वर येत. परंतु तोंडी परीक्षेच्या त्या खोलीत तेव्हा अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाजही जड वाटू लागला. शरीररचना शिकविणाऱ्या उषाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या बाईंनी अर्धे आयुष्य इस्पितळाच्या वॉर्डात काढलेले होते आणि अकारण रागावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी रेणूला पुन्हा एकवार विचार करण्याची संधी दिली.

“एकच, मॅडम,” रेणू म्हणाली. “मी डोळ्यांनी पाह्यलंय.”

“कुठे पाहिलंस?”

“बोकडात.”

भिंतीलगतच्या मुलींना हसू आवरेना. उषाबाई मात्र हसल्या नाहीत. चष्मा पुन्हा चढवीत त्या शांतपणे म्हणाल्या, “आपल्या वॉर्डात बोकड भरती होत नाहीत, रेणू.” आणि त्यांनी तिच्या नावासमोर नापास असे लिहिले.

या शेऱ्याचा अर्थ काय होतो, हे त्या वर्गातील प्रत्येकीला ठाऊक होते. तोंडी परीक्षेत नापास झालेल्या मुलीला होळीच्या सुट्टीनंतर केवळ एक संधी मिळे. तीही हुकली, तर तिचे नाव वार्षिक परीक्षेसाठी पाठविले जात नसे. वर्ष गेले की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद झाली की रेणूला आष्टीजवळच्या आपल्या वाडीवर परत जाऊन मेंढरांमागे चालावे लागणार, यात तिळमात्र शंका नव्हती. मेंढरांमागे चालण्यात तिला कमीपणा वाटत होता असे नव्हे. परंतु आपण परिचारिका व्हायचे, हे तिने मनाशी एकदा ठरविले होते, आणि ठरविलेली गोष्ट अर्ध्यावर टाकण्याची तिला सवय नव्हती.

आता हा बोकडाचा प्रकार काय होता, तो विस्ताराने सांगितला पाहिजे.

रेणूचे वडील बिरू हे जातीने आणि वृत्तीने मेंढपाळ. वाडीच्या माळावर बिरोबाचे ठाणे आहे, तेथे दरवर्षी माघ महिन्यात जत्रा भरते आणि देवाला बोकड पडतो. त्या बोकडावर सुरी धरण्याचा मान परंपरेने बिरूच्या घराकडे चालत आलेला. रेणू बारावीपर्यंत कला शाखेत शिकलेली असल्यामुळे शरीरशास्त्राचे पुस्तक तिने प्रथम जालन्यातच पाहिले. त्यातील सबक्लेव्हियन, ब्रेकिओसेफॅलिक अशी लांबलचक इंग्रजी नावे तिच्या जिभेवर ठरत नसत. खोलीतील मैत्रीण अर्पिता ही मंठ्याच्या एका कास्तकाराची मुलगी, विज्ञान शाखेतून आलेली. ती रोज संध्याकाळी रेणूकडून पाठ करून घेई आणि रोज सकाळी ते विस्मरणात गेलेले असे. जी वस्तू आपण पाहिली नाही, तिचे नाव आपल्या ध्यानात राहत नाही, हा स्वतःचा दोष रेणूला पुरता उमगला होता.

म्हणून माघात ती जत्रेला गेली, तेव्हा बोकड सोलून झाल्यावर तिने वडिलांचा हात धरला आणि काळीज अन् फुप्फुसे अखंड बाहेर काढून द्या, काहीही कापू नका, अशी विनंती केली. बिरूला या मागणीचे प्रथम आश्चर्य वाटले, नंतर अभिमान वाटला. त्याने हृदय, फुप्फुसे आणि पाठीच्या कण्याला चिकटून थेट मागच्या पायांपर्यंत जाणारी ती जाड रबरासारखी मुख्य नळी, असे सर्व एकत्र काढून परातीत ठेवले. एवढ्यावर न थांबता, मेंढरांना औषध पाजण्याची प्लास्टिकची नळी त्या जाड नळीच्या कापलेल्या टोकात घालून सुतळीने आवळली आणि वरून तांब्याने पाणी सोडले. हृदयाच्या तोंडाशी असलेले पडदे आपोआप मिटले. पाणी आत शिरेना. ते कमानीवर चढले आणि मानेकडे जाणाऱ्या एकाच जाड फांदीतून धारेने बाहेर पडले.

“ही बघ,” बिरू म्हणाला, “पुढं जाती ती ही येकच. मुंडकं बी हिच्यावर, पुढचे पाय बी हिच्यावर. फाटे समदे पुढं गेल्यावर.”

रेणूने ती धार बोटाने अडवून पाहिली. पुस्तकातील नाव आणि डोळ्यांसमोरची वस्तू या दोहोंची गाठ तिच्या मनात त्या दिवशी प्रथमच पडली. जालन्याला परतल्यावर पोटातील, मूत्रपिंडाकडील, बरगड्यांमधील अशा अनेक धमन्या तिला धडाधड सांगता येऊ लागल्या, आणि अर्पिताने तोंडात बोट घातले. कमानीवरील शाखांची संख्या पुस्तकात पडताळून पाहावी, असे मात्र रेणूला वाटले नाही. कारण झेरॉक्स प्रतीतील ते चित्र काळ्या डागासारखे उमटलेले होते, आणि परातीतील पाण्याची धार मात्र लख्ख होती. तिकडे बिरूनेही वाडीवर आणि आष्टीच्या बाजारात भेटेल त्याला सांगून टाकले की लेकीला काळजाचा धडा आपणच शिकविला.

असा हा सर्व प्रकार होता.

नापास झाल्याच्या संध्याकाळी वसतिगृहात रेणूला ‘बोकड सिस्टर’ हे नाव मिळाले. जेवताना कोणी बें करी, कोणी तिच्या ताटात मेथीची काडी टाकून ‘चारा घे’ म्हणे. अर्पिताही एकदा हसली, परंतु रेणूचा चेहरा पाहून तिचे हसू विरले, आणि जेवण आटोपताच ती रेणूला प्रयोगशाळेत घेऊन गेली. तेथे प्लास्टिकचा एक धडापर्यंतचा पुतळा होता. त्याच्या छातीचे झाकण अर्पिताने काढले आणि रेणूचे बोट धरून कमानीवर ठेवले.

उजवीकडे एक जाड फांदी, तिचे पुढे दोन फाटे: एक मानेच्या उजव्या बाजूस, दुसरा उजव्या हातास. तिच्या शेजारी डाव्या मानेकडे जाणारी स्वतंत्र फांदी. आणि तिच्याही पलीकडे डाव्या हाताकडे जाणारी आणखी एक स्वतंत्र फांदी. एकूण तीन.

रेणूने बोट फिरवून त्या तीन फांद्या पुन्हा मोजल्या. आपण चुकलो, याचे दुःख तिला होतेच. परंतु त्याहून मोठे शल्य हे होते, की आपल्या बापाने स्वतःच्या हातांनी दाखविलेली गोष्ट माणसाच्या बाबतीत खोटी ठरली होती, आणि ते त्याला सांगण्याची पाळी आपल्यावर येणार होती.

अर्पिताने सल्ला दिला, “तीन म्हणून पाठ कर आन मोकळी हो. बोकडाला इसरून जाय बिलकुल.”

“कसं इसरू?” रेणू म्हणाली. “मला जे येतंय ते समदं त्याच्यावरच तं शिकले. हे चुकलं, मंग आणखी काय काय चुकलं आसंल?”

हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. एक संख्या बदलून उत्तीर्ण होणे अवघड नव्हते. परंतु दुसऱ्या वेळी उषाबाई कमानीबद्दलच विचारतील, याचा भरवसा कोणी द्यावा? आपण बोकडावर शिकलेली प्रत्येक धमनी पुतळ्यावर पडताळून पाहायची आणि त्यानंतरच ती आपली मानायची, असा निश्चय तिने केला. पुढचे काही दिवस ती वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेतच बसे. अर्पिता पुस्तकातून वाची, रेणू पुतळ्यात शोधी आणि मनातल्या मनात परातीशी ताडून पाही. मूत्रपिंडाच्या धमन्या जुळल्या. जठर, यकृत आणि प्लीहा यांना पोसणारी पोटातली पहिली जाड शाखाही जुळली. परंतु खाली बेंबीच्या पातळीवर पुन्हा फरक निघाला. माणसाची महाधमनी तेथे दुभंगून तिच्या दोन मोठ्या फांद्या होतात आणि मग त्या प्रत्येकीला एक आतला आणि एक बाहेरचा असे फाटे फुटतात. बोकडात मात्र तिने पाहिले होते की मागच्या पायांच्या फांद्या आधी निघून जातात आणि ओटीपोटाच्या त्यानंतर.

दोन चुका सापडल्या. तिसरी सापडली नाही. परंतु पुतळ्याला हात नव्हते, मांड्या नव्हत्या आणि तो कितीही चाचपला तरी त्याला नाडी नव्हती. उषाबाई तर परीक्षेत जिवंत माणसावर बोट ठेवून दाखवायला सांगत. रेणूने कपड्यांची पिशवी भरली आणि होळीच्या सुट्टीसाठी परतूरमार्गे आष्टीची एसटी धरली.

वाडीला पोहोचली तेव्हा घराला कडी होती. बिरूची मेंढरे त्या दिवसांत काकासाहेबांच्या शेतात बसविलेली होती. काकासाहेब हे वाडीतील मोठे जमीनदार. पीक निघाल्यावर लेंड्यांनी रान खताळावे म्हणून ते दरवर्षी बिरूचा कळप आपल्या वावरात बसवून घेत. रेणू पिशवीसह तशीच शेताकडे गेली. लिंबाच्या सावलीत काकासाहेब बाजेवर आणि बिरू खाली घोंगडीवर बसलेला होता. तिची आई आसराबाई एका बाजूस मेंढ्यांच्या पाठीवर खुणेचा लाल रंग लावीत होती, कारण शेजारच्या वावरात दुसऱ्याचा कळप उतरला होता आणि जनावरे मिसळण्याची भीती होती.

तिला पाहताच काकासाहेबांनी आवाज चढविला. “आल्या आल्या, सिस्टर आल्या. काय गं रेणू, तुझा बाप आख्ख्या आष्टीला सांगून राह्यलाय, की डॉक्टर लोकं बी आता त्याच्याकडं शिकाया येणार म्हनून. पास झाली का न्हाई?”

बिरू फक्त वर पाहू लागला, आणि त्या पाहण्यात इतका विश्वास होता की रेणूला क्षणभर वाटले, आत्ता हो म्हणावे आणि पुढचे पुढे पाहावे. परंतु तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच सांगितले.

“न्हाई झाले, काका. नापास झाले.”

आसराबाईचा रंगाचा हात थांबला. काकासाहेबांनाही आपण उगाच विचारले असे झाले असावे, कारण ते तपकिरीची डबी उघडून तिच्यात पाहत बसले.

“काय चुकलं?” बिरूने विचारले.

“कमानीवरून किती निघत्यात ते. मी येक सांगितली. माणसाला तीन असत्यात, आबा.”

बिरूने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. जणू काही ती परात अजून त्याच्या हातांत होती. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेलेला होता.

“मंग म्या तुला खोटं दावलं म्हन की.”

“न्हाई. बोकडाला येकच असती, ते खरंय. मीच इचारलं न्हाई, की माणसाला बी तसंच हाय का म्हनून. चूक माझी हाय.”

काकासाहेबांना यावेळी राहवले नाही. ते म्हणाले, “बिरू, तू पोरीला शेरडांची नर्स करून ठिवली की रं.” यावर ते स्वतःच मोठ्याने हसले, परंतु त्यांच्या हसण्याला कोणी साथ दिली नाही. बिरूने बंडीचे बंद सोडले, बंडी डोक्यावरून काढून बाजेच्या पायावर टाकली आणि उघड्या अंगाने घोंगडीवर मांडी घालून ताठ बसला.

“मंग माणसावर दाव,” तो लेकीला म्हणाला. “कुठून निंगती आन कुठं जाती, समदी दाव. बोकडाचं म्या दावलं, माणसाचं तू दाव.”

वाचकहो, जिच्या समाजात वयात आलेली मुलगी बापाच्या अंगाला सहसा हात लावीत नाही, अशा मुलीला हे किती कठीण गेले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या परीने करावी. परंतु वॉर्डात उद्या कोणाचा ना कोणाचा बापच आपल्यासमोर असा उघडा पडलेला असणार, हा विचार तिच्या मनात आला. तिने आईच्या हातून लाल रंगाची वाटी घेतली, त्यात बोट बुडविले आणि बिरूच्या छातीवर, मधोमध आणि किंचित डावीकडे, हृदयाची जागा काढली.

तेथून वर जाणारी जाड रेघ. छातीच्या वरच्या हाडामागे डावीकडे झुकणारी कमान. कमानीवरून पहिली फांदी उजवीकडे, तिचे दोन फाटे. दुसरी डाव्या मानेला. तिसरी डाव्या हाताला. हाताची रेघ गळपट्टीच्या हाडाखालून बगलेत गेली, तेव्हा बिरूला गुदगुल्या झाल्या आणि इतका गंभीर होऊन बसलेला तो मनुष्य लहान मुलासारखा अंग चोरून हसला. आसराबाई म्हणाली, मेंढरूसुद्धा रंग लावताना एवढे हलत नाही. बगलेतून दंडाच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत, कोपराच्या खळीत दोन फाटे, अंगठ्याच्या बाजूस रेडियल, करंगळीच्या बाजूस अल्नर. प्रत्येक रेघ काढण्यापूर्वी रेणू बोट टेकवून नाडी शोधी, ती लागली की थांबे, नाव उच्चारी आणि मगच रंग लावी. नाडी पुतळ्याला नव्हती. येथे ती जागोजागी बोटाला धडका देत होती.

काकासाहेब हळूहळू बाजेवरून पुढे सरकले होते. “मानेची कुठं म्हनली?” असे विचारून त्यांनी स्वतःच्या मानेत बोट खुपसले आणि बराच वेळ चाचपून ती सापडली, तेव्हा ते तसेच बोट धरून बसून राहिले.

पोटावरची रेघ बेंबीपाशी येऊन दुभंगली आणि रेणू तेथे थांबली. तिची अडचण आसराबाईने ओळखली. “मांडीचं माझ्यावर शीक,” ती म्हणाली, “घरी गेल्यावर. तुझ्या बापाचं ढोपराच्या खालचं घे आता.” म्हणून रेणूने गुडघ्यामागची, घोट्यामागची आणि पावलावरची नाडी तेवढी तेथे शोधली.

सर्व झाल्यावर बिरूने मान वाकवून आपल्या अंगाकडे पाहिले. त्याच्या कपाळावर आठी पडली. आपल्याला यातील एक गोष्ट पटत नाही, असे त्याने सांगितले; आणि ती ही, की आता माणसाचे पाठ करताना रेणूने बोकडाचे टाकून द्यावे असे त्या मंठ्याच्या मैत्रिणीने सुचविल्याचे रेणूने रंग लावताना सांगितले होते.

“दोन कोकरं सारकी दिसाया लागली,” तो म्हणाला, “तं येकाला दूर हाकून भागत न्हाई. मंग दोन्ही वळखू येत न्हाईत. दोन्ही जवळ जवळ हुबी करायची आन फरक बघायचा. ह्याचा कान असा, त्याचा कान तसा. मंग कवाच चुकत न्हाई. तू दोन्ही संगट म्हन. आधी बोकडाचं, मंग माणसाचं.”

रेणूला हे बरोबर वाटले. तिच्या गोंधळाचे मूळ त्यातच होते. बोकड मनातून जात नव्हता, आणि हाकलला की नेमका परीक्षेच्या वेळी परत येत होता. होळीच्या त्या सुट्टीत ती मेंढरांमागे वडिलांबरोबर चालत राहिली आणि चालता चालता दोन्ही पाठ म्हणत राहिली. बोकडाला कमानीवर एक, माणसाला तीन. बोकडाच्या मागच्या पायांच्या आधी निघतात, माणसात आधी दोन भाग होतात. बिरूला इंग्रजी नावे कळत नव्हती. तो मध्येच काठी उगारून स्वतःच्या अंगावरच्या कोणत्याही रेघेवर बोट ठेवी आणि विचारी, ही कोण. ती अडखळली तर नाव येईपर्यंत तो काठी खाली घेत नसे. रात्री दिवा लावून मांडीतील फेमोरल धमनी ती आईवर शिकली, आणि माऊलीने तेवढ्यातही ‘जल्दी उरक, भाकरी करपून राह्यली’ असे दोनदा सुनावले.

त्या रंगाचे एक सांगायचे राहिले. मेंढ्यांच्या लोकरीवर पावसापाण्यात टिकावा म्हणून तो तेलात कालवलेला असतो, सबब तो साबणाने निघेना. बिरू आष्टीच्या बाजाराला गेला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून दोन लाल रेघा कानांकडे चढलेल्या सर्वांना दिसत होत्या. लोकांनी विचारले. लेक नापास झाली आणि आपण दाखविले ते माणसाचे नव्हते, हेही त्याने प्रत्येकाला तितक्याच मोकळेपणाने सांगितले आणि वर सदरा उघडून तीन फांद्या मोजून दाखविल्या, असे नंतर आसराबाईने फोनवर कळविले. या वार्तेने रेणूच्या उरावरचा एक मोठा धोंडा उतरला.

दुसऱ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी नापास झालेल्या मुली बाकावर बसल्या होत्या, आणि ज्यांना यायचे काही कारण नव्हते अशा काहीजणी दाराशी केवळ मौज पाहण्यासाठी उभ्या होत्या. अर्पिताला उषाबाईंनी मुद्दाम बोलावून टेबलाशेजारच्या खाटेवर झोपविले होते, नाड्या दाखविण्याकरिता. रेणू आत येताच दाराशी कोणीतरी अगदी हलकेच बें केले. उषाबाईंनी तिकडे एकदा पाहिले आणि दार लावून घ्यायला सांगितले.

मग त्या रेणूला म्हणाल्या, “हृदयापासून सुरू कर. मी मध्ये काही विचारणार नाही. चुकलीस तर थांबवीन.”

रेणूने अर्पिताच्या छातीवर बोट ठेवले. हृदयाला स्वतःला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्यांपासून तिने आरंभ केला, कारण त्या महाधमनीच्या सर्वांत पहिल्या शाखा आहेत, आणि मग ती कमानीशी आली. ती परात, ती नळी, बोटावर अडलेली ती धार, सर्व तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तिने त्यांना हाकलले नाही. त्यांच्या शेजारी तिने आपल्या बापाची छाती उभी केली.

“तीन,” ती म्हणाली, आणि तीनही नावे क्रमाने घेतली. पहिलीचे दोन फाटे सांगितले, डाव्या बाजूच्या दोन्ही स्वतंत्र निघतात हेही सांगितले. जीभ एके ठिकाणी अडखळली, तेव्हा तिने ते नाव मागे घेऊन पुन्हा नीट उच्चारले. मानेवरील नाडी, दंडावरील, मनगटावरील. छातीतून मध्यपटल ओलांडून पोटात. पोटातील शाखा. बेंबीपाशी दुभंगणे.

तेथे उषाबाईंनी हात वर केला. रेणूचे बोट जागच्या जागी थांबले. आपण कोठे चुकलो, हे तिला काही केल्या आठवेना.

“चुकली नाहीस,” उषाबाई म्हणाल्या. “मला एक सांग. बोकडात खरंच एक असते?”

खाटेवर अर्पिताने डोळे मिटून घेतले. या प्रश्नात थट्टा आहे की काय, हे रेणूने क्षणभर बाईंच्या चेहऱ्यावर शोधले, आणि थट्टा असो वा नसो, उत्तर तेच आहे असे मानून ती बोलली.

“हो, मॅडम. बोकडात एकच निघते आणि पुढे जाऊन तिला फाटे फुटतात. आणि खाली मागच्या पायांच्या फांद्या आधी निघतात, ओटीपोटाच्या नंतर. ते वेगळं आहे आणि माणसाचं वेगळं आहे. मागच्या वेळी मी एकाचं दुसऱ्याला लावलं.”

“मला हे माहीत नव्हतं,” उषाबाई म्हणाल्या. “पण याचे गुण मिळणार नाहीत. हे अभ्यासक्रमात नाही.”

“नाही मिळाले तरी चालतील.”

उषाबाईंनी पेन उचलले आणि रेणूच्या नावासमोर उत्तीर्ण असे लिहिले. गुण मात्र बेताचेच दिले, कारण दोन नावांचे उच्चार चुकले होते आणि आवाज मध्ये फार खाली गेला होता, असे त्यांनी सांगितले. नंतर त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या मुलीला बोलाव म्हणून खूण केली.

रेणू हलली नाही. तिचे बोट अजून अर्पिताच्या कमरेपाशीच होते.

“मॅडम, पाय राह्यलाय.”

“पास आहेस तू. झालं.”

“हो. पण पाय राह्यलाय.”

बाकावरील मुलींपैकी कोणी हसले नाही. उषाबाईंनी पेनाचे टोपण लावले, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसल्या. रेणूने जांघेत बोट टेकविले, फेमोरलची नाडी लागेपर्यंत वाट पाहिली, आणि तेथून ती गुडघ्याच्या मागे, तेथून दोन फाट्यांनी पोटरीत, घोट्याच्या आतल्या बाजूस आणि शेवटी पावलाच्या पाठीवर आली. अंगठ्याच्या शिरेलगत ती नाडी फार बारीक होती. रेणूने बोट थोडे सरकविले, पुन्हा सरकविले, आणि ती सापडल्यावरच नाव घेतले.